पाठीला पाठ

ऑपरेशन पोटाचं झालं आणि गेली झोप. वजन कमी करायचं ऑपरेशन. डॉक्टरांनी आधी सगळं समजावून सांगितलं होतं, पण खाण्याचा भाग आला तेव्हा मी कान देऊन ऐकलं आणि झोपण्याचा भाग आला तेव्हा नुसती मान डोलावली. पोट केळ्याएवढं राहणार, आधी नुसतं पाणी, मग पेज, मग मऊ भात, हे माझं पाठ झालं. सगळ्यात शेवटी ते म्हणाले होते, झोपायचं ते पाठीवर, छाती आणि डोकं उंच, गुडघ्यांखाली उशी. पालथं अजिबात नाही, कुशीवर इतक्यात नाही. त्यात काय एवढं, असं मला वाटलं. झोपणं ही काय शिकायची गोष्ट आहे?

मी जन्मभर डाव्या कुशीवर झोपलेली बाई. जाड माणूस पाठीवर झोपला की त्याचंच अंग त्याच्या छातीवर येऊन बसतं, हे बारीक माणसांना सांगून कळत नाही. ऑपरेशन नांदेडला झालं, कारण डॉक्टर तिथले आणि माझी धाकटी बहीणही तिथलीच. दवाखान्यातून सुटल्यावर मी तिच्याकडेच राहिले. तिने उशा, लोड, तक्के, घरात होतं नव्हतं ते सगळं माझ्या पाठीमागे रचलं, लांब उभी राहून बघितलं आणि म्हणाली, "अक्का, मखरात गौर बसवल्यासारखी दिसून राहिलीस." मला हसूही येईना, कारण हसलं की टाके ओढायचे. त्यात पोटात भरलेली हवा वर चढून खांद्यात बसली होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तसं झालं. पोट गप्प होतं आणि खांदा बोंब मारत होता.

दोनेक महिन्यांनी एका पहाटे, गुरुद्वाऱ्याकडून कीर्तनाचा आवाज नुकता सुरू झाला असेल, मला जाग आली ती छातीवर कुणाचा तरी हात होता म्हणून. हाडकुळा, गार हात. मी दचकून तो धरला आणि झटकून दूर फेकला, तर माझाच खांदा ओढला गेला. तो माझाच हात होता. उजेड होईपर्यंत मी त्या हाताकडे बघत पडून राहिले. बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं, फेकून दिला नाहीस." पण मला खरंच भीती वाटली होती. त्यानंतर कधी एखादा गुडघा दुसऱ्या गुडघ्याला लागायचा आणि वाटायचं, पांघरुणात आणखी कुणीतरी आहे.

एक टाका चिघळत राहिला, म्हणून मुक्काम लांबला. दिवाळी झाल्यावर गेलेली मी लातूरला परतले तोवर होळी होऊन गेली होती. गाडीत पोटाशी उशी धरून बसले होते. लोहा, अहमदपूर, चाकूर, जिथे जिथे गतिरोधक आला तिथे तिथे उशी आवळली आणि मनाशी एकच म्हटलं, की घरी गेल्यावर आत्या काय म्हणतील.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. देवणीकडच्या एका खेड्यात त्यांचा जन्म गेला, गाईगुरांत. मामंजी, म्हणजे ह्यांचे दादा, गेल्यावर ह्यांनी त्यांना लातूरला आणलं. काचबिंदूने नजर गेली होती, थोडा उजेड-अंधार कळायचा, तेवढंच. पुढे पुढे डोक्यातलंही काही इकडचं तिकडे व्हायला लागलं. पण हाताला सगळं कळायचं. धान्य हातात घेऊन त्याला कीड लागलीय का सांगायच्या. रात्री उठून कुठेतरी जातील म्हणून त्यांच्या खोलीत मीच झोपायचे, आणि दुपारीही कॉलेजातून शिकवून आले की आम्ही दोघी तिथेच पडायचो. मी भिंतीकडे तोंड करून डाव्या कुशीवर, त्या माझ्याकडे पाठ करून. पाठीला पाठ. त्यांना त्याशिवाय झोप लागायची नाही.

सगळ्या जगाने माझ्या वजनावर तोंडसुख घेतलं होतं. लग्नात वरमायांनी, कॉलेजात पोरांनी, रिक्षावाल्यांनी सुद्धा. एकट्या आत्या कधी बोलल्या नाहीत. माझी आई मी शाळेत असतानाच गेली, त्यामुळे आईची पाठ कशी असते ते मला ठाऊक नव्हतं. आत्या म्हणायच्या, "घराला भित पायजे गं. तुझ्या आडोश्याला वारं लागत न्हाई." ऑपरेशनला जाताना त्यांना एवढंच सांगितलं होतं, की पोट दुखतं, दाखवून येते.

तर घरी आले, चप्पल काढली आणि तशीच त्यांच्या खाटेशी जाऊन बसले. त्यांनी हात पुढे केला. माझं मनगट चाचपलं, कोपर चाचपलं, खांद्यावरून हात पाठीवर नेला आणि तिथे तो थांबला.

"कोन हाय?"

"मी आहे, आत्या."

"मी म्हंजी कोन?"

मी माझं नातं सांगितलं, नांदेडला गेले होते ते सांगितलं. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं आणि हात काढून घेतला. "आवाज बराबर तिचाच काढलाव, बाई. पन अंगानं तुमी ती न्हाई."

ह्यांनी समजावलं, "माय, अगं हीच ती. बारीक झालीय." त्यावर त्या भडकल्या, "मला येडी समजून राहिला का रं?" मला मात्र त्या दिवसापासून 'तुमी' म्हणायला लागल्या. पंचवीसेक वर्षं 'तू' ऐकलेल्या कानाला ते 'तुमी' चटका दिल्यासारखं लागायचं. मी दवाखान्यातून आलेली कुणी बाई आहे, एवढं त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं. सून कुठं गेली, एवढं एकच त्या ह्यांना विचारायच्या. आणि ह्यांना उत्तर देता यायचं नाही, कारण सून समोर भाकरी कुस्करत बसलेली असायची.

ती भाकरी त्यांनी माझ्या हातून खाल्ली नाही. आधी मीच भरवायचे, दुधात कुस्करून. आता तोंड फिरवायला लागल्या. "सुनंला येऊ द्या." ह्यांनी भरवलं तर दोन घास आणि बास. मी डॉक्टरांच्या हुकुमाने चार चमचे खाणारी, आत्या हट्टाने चार घास खाणाऱ्या. दोघी एकाच घरात झिजत होतो. मला त्या दिवसांत बाकी काही नको होतं. आरशात कोण दिसतं, जुने ब्लाउज किती सैल झाले, कॉलेजातल्या मैत्रिणी काय म्हणतात, काही नको होतं. फक्त माझ्या पाठीवर हात ठेवून आत्यांनी एकदा म्हणावं, की ही ती. तेवढं झालं नाही आणि त्या तशाच गेल्या तर मी काय करणार होते?

झोपेची तर वेगळीच कथा. कुशीवर झोपायची परवानगी एव्हाना मिळाली होती, पण ज्या कुशीवर झोपायचं ती कूसच राहिली नव्हती. खुबा गादीत रुतायचा, बरगडी टोचायची, गुडघ्यांमध्ये उशी घेतली तर घोटे एकमेकांना घासायचे. आत्यांच्या खोलीतल्या गादीत माझ्या जुन्या अंगाचा खळगा पडला होता. त्यात पडून पाहिलं तर मी त्याच्या एका कडेला घरंगळले, मोठ्या परातीत लिंबू ठेवल्यासारखी. आणि मी पडले की आत्या उठून बसायच्या. परक्या बाईशेजारी कोण झोपेल? शेवटी मी हॉलमधल्या आरामखुर्चीत झोपायला लागले, पोटाशी उशी धरून. झोपायला कसलं, डोळे मिटून बसायला.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागायच्या आधी, परीक्षेचं काम संपवून एका दुपारी लवकर घरी आले. लातूरचं ऊन, घरात सगळे पडदे ओढलेले, कूलरची घरघर. चप्पल काढून हॉलमधून आत जाताना आत्यांच्या खोलीच्या दारातून सहज नजर टाकली.

मी झोपले होते.

भिंतीकडे तोंड करून, डाव्या कुशीवर, माझ्या जागेवर, माझ्या खळग्यात. पिवळ्या फुलांचा माझा गाऊन. तीच रुंद पाठ, तोच कमरेचा उंचवटा, डोक्यावरून ओढून घेतलेला पदर. आत्या शेजारी बसून एका हाताने ती पाठ थोपटत होत्या आणि दुसऱ्या हाताने ताटलीतली भाकरी खात होत्या. शांतपणे, पोटभर खात होत्या. आणि बोलत होत्या. काहीतरी विचारायच्या, थोडं थांबायच्या, मग "हां, बराबर" म्हणायच्या.

त्या थांबायच्या तेवढ्या वेळात माझ्या अंगावर काटा आला. मी दाराची चौकट धरली. आणि मनात पहिला विचार काय आला असेल, तर तो असा, की आपण गेलो. नांदेडला टेबलावरच गेलो, आणि खरी मी ही इथे पडली आहे.

मग मागून ह्यांनी माझं कोपर धरलं आणि मला स्वयंपाकघरात नेलं. माठातलं पाणी दिलं. "घोट घोट पी," म्हणाले. त्यांचं तोंड चोरी पकडल्यासारखं झालं होतं.

माझा जुना गाऊन त्यांनी न धुता ठेवला होता. त्यात दोन वाकळी आणि एक लोड कोंबला, तोंडाच्या जागी उशी ठेवली आणि वरून माझी जुनी सुती साडी पांघरली. मी कॉलेजला गेले की तो प्रकार माझ्या जागेवर ठेवायचा आणि मी यायच्या आत कपाटात. गेले आठ-दहा दिवस हे चालू होतं.

"लाज नाही वाटली?" मी म्हटलं. माझा राग वाईट आहे, घरातली भांडीसुद्धा ओळखतात. "जिवंत बायकोचं भुसकट भरलंत?"

ते खाली बघत म्हणाले, "दादा करायचे तसं केलं. गाईचं वासरू मेलं की दादा त्याच्या कातड्यात पेंढा भरायचे आणि गाईपुढं ठेवायचे. गाय चाटायची आणि पान्हा सोडायची. नाही ठेवलं तर आटायची. माय आटत चालली होती गं. मला दुसरं काही सुचलं नाही."

मी माझ्या दंडाकडे बघितलं. कातडी लोंबत होती, आतलं सगळं निघून गेलेलं. खोलीत कातडीविना भरलेली एक, आणि इथे नुसतं कातडं घेऊन उभी दुसरी. मला रडू आलं. ह्यांनी माझ्या हातातला पेला काढून घेतला.

गाऊन उसवून फेकून द्यायचं मी दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा तशीच दारातून परतले. कारण आत्या खात होत्या. सुट्टी लागल्यावर मी घरीच, तेव्हा लपवाछपवीही राहिली नाही. ती गाऊनमधली आता कायम तिथेच असायची. मी आत्यांना भरवायला बसायचे, मध्ये ती. आत्या एक हात तिच्यावर ठेवायच्या, मग माझ्या हातून घास घ्यायच्या. माझ्याच हातून, पण तिच्या भरवशावर. "बाईचा हात चांगलाय," असं तिला सांगायच्या. "पन लई थंड हाय."

कधी मी काही बोलायला गेले की त्या बोट ओठांवर ठेवायच्या. "हळू बोला. आत्ता कुठं घोराय लागलीया." मी आधी बेदम घोरायचे, ते खरं. ऑपरेशननंतर ते बंद झालं, इतकं की सुरुवातीला हे बिचारे उठून माझ्या नाकाशी बोट धरून बघायचे. आता आत्या सांगायच्या आणि मी मुकाट ऐकत बसायचे. कूलरची घरघर आणि तिच्या खालून, भिंतीकडून, दुसरी एक संथ घरघर. मला ऐकू यायची. कूलर बंद करून बघावं असं कित्येकदा मनात आलं. कधीच बंद केला नाही. बंद केल्यावरही ती ऐकू आली असती तर?

मी तिचा मत्सर करायला लागले होते, हे सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. ती माझ्या जागेवर माझ्या कुशीवर झोपत होती, आणि मी हॉलमध्ये खुर्चीत ताटकळत होते. तिची पाठ आत्यांच्या पाठीला लागलेली असायची.

एकदा भरवताना मी मुद्दाम विषय काढला. "आत्या, तुमच्याकडं गाईपुढं पेंढ्याचं वासरू ठेवायचे ना? गाय कशी फसत होती हो?"

आत्यांचा हात त्या पिवळ्या फुलांवरून हळूहळू फिरत होता. म्हणाल्या, "गाय कशाला फसंल, बाई? तिच्या पोटचं ते. वास घेतला की समदं कळतंय तिला. पन जीव लावायला काईतर म्होरं लागतंय की नाई?"

मी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघितलं. डोळे नेहमीसारखेच, वर कुठेतरी लागलेले. काही समजलं नाही. पुढचा घास त्यांनी गुमान घेतला.

त्याच आठवड्यात मला दुपारी घेरी आली. उन्हात पाणी कमी पडलं असेल, चार चमच्यांवर चालणाऱ्या शरीराला तेवढं पुरतं. आत्यांची ताटली उचलून उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. ताटली खणखणत खाली पडली आणि मी खाटेची कड धरून खाली बसले.

"काय झालं, बाई?"

"काही नाही. चक्कर आली जराशी."

"पडा की मंग हितंच." त्यांनी तिच्या पलीकडची, भिंतीकडची जागा थोपटली. "आमची सून काय म्हनत न्हाई. लई गुणाची हाय."

मी तिला ओलांडून भिंतीकडे सरकले. जागा वीतभरच होती, पूर्वी तिथे माझा एक पायही मावला नसता. आधी पाठीवर पडले, मग पोट जपत हळूच कुशीवर वळले. डाव्या नाही, तशी जागाच नव्हती. उजव्या कुशीवर, तिच्याकडे तोंड करून. तिचं पोट माझ्या पोटाला लागलं. गुडघ्यांत गाऊनचा घोळ आला. तिच्यावर टाकलेला माझा हात कुठेच टोचेना. बामचा, घामाचा, जुन्या साबणाचा वास आला. तो माझा वास होता, आणि माझ्या अंगाला आता तो येत नव्हता. मी त्यात तोंड खुपसलं. भीती वाटत होती, आणि बरंही वाटत होतं.

पलीकडे आत्या आडव्या झाल्या. त्यांची पाठ तिच्या पाठीला लागली, तो दाब वाकळीतून माझ्यापर्यंत आला. थोड्या वेळाने त्या बोलायला लागल्या. माझ्याशी नाही, तिच्याशी.

"ऐकलीस का गं? ही बाई बरी हाय. हाडं हायत नुसती, पन मनानं बरी हाय. कुनाचं तरी लेकरू असंल. तू बरी झालीस म्हनून तिला घालवू नको."

आणि नेहमीसारख्या थांबल्या. तोच थांबा, ज्याला मी इतके दिवस घाबरत होते. कूलर घरघरत होता. तिच्याकडून काही उत्तर येणार नव्हतं, ते देणारी मी एकटीच होते. त्या गाऊनच्या गळ्यात तोंड तसंच ठेवून मी म्हटलं, "न्हाई घालवत, आत्या."

आवाज माझा होता, पण आला तिच्यातून. मला तो माझ्यासारखा वाटला नाही, जुन्या, भरलेल्या छातीतून आल्यासारखा वाटला.

आत्यांचा हात मागे आला, तिच्यावरून चाचपत पलीकडे आला, माझ्या दंडावरच्या लोंबत्या कातडीवर थांबला आणि तिथेच राहिला.

"मंग झोप आता," त्या म्हणाल्या.

ते कुणाला म्हणाल्या, तिला की मला, हे मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही. त्या दुपारी मी दिवेलागणीपर्यंत झोपले. ह्यांनी दोनदा येऊन नाकाशी बोट धरलं म्हणे, मला कळलंही नाही. आता रोज दुपारी आम्ही तिघी तशाच झोपतो, आणि तो गाऊन धुवायचा विषय घरात कुणी काढत नाही.